वहिवाट

बुधवारी दहाला, चर्चच्या मागे,
जिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत तिथे,
आम्ही सातजण उघड्या डिकीवर बसून
एकेक पाय वर धरून बूट बदलतो.
साठी-सत्तरीची पोरं.

हिलरी प्यू पुढे. तिचा एक गुडघा तिचा नाही.
गळ्यात नकाशा, खिशात फांद्या छाटायची कात्री.
"तीन मैल," ती म्हणते, "फार तर चार."
तिचे चार म्हणजे साडेपाच.
कुणी बोलत नाही.

पहिलं शेत गव्हाचं, वीतभर वर आलेलं,
आणि मधोमध तिरपी, माणसाएवढी रुंद
न पेरलेली रेघ,
या कुंपणापासून त्या ओकपर्यंत.
पहिल्या खेपेला मी कडेकडेनं गेले होते.
दुसऱ्याच्या पिकात पाय कसा घालायचा?
ग्लिन (गुरांचा डॉक्टर होता) लांबून ओरडला,
"मधूनच ये, सू! वाट आहे ती.
शेतकऱ्याला मोकळी ठेवावीच लागते."
सुहासिनीतलं तेवढंच त्यांच्या वाट्याला आलंय. चालतं.

वहिवाट, मी मनात म्हटलं.
किती वर्षांनी तो शब्द जिभेवर आला,
अण्णांच्या दप्तराचा वास घेऊन :
शाई, रॉकेल, साखळीचा गंज.
मोजणीखात्यात होते. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे.
कुणाची बैलगाडी कुणाच्या बांधावरून,
यावर डोकी फुटायची विट्याकडे,
आणि अण्णा डोक्यावर ओला रुमाल टाकून,
दोन्ही घरांचा चहा नाकारून म्हणायचे,
"कागद नंतर. आधी सांगा,
इथून चालतं कोण?"

गव्हाच्या पलीकडे जमिनीला घडी पडते.
खाली एवढंसं रान. दहा मिनिटांत संपेल,
पण संपत नाही, कारण ग्लिन प्रत्येक शेवाळाशी थांबतो.
हेझलच्या काटक्यांना पिवळी लोंबती फुलं,
धक्का लागला की बाहीवर हळद.
ओढ्याला नकाशावर नाव नाही.
काठाला रानलसूण, मी मूठभर खुडते,
रात्री पिठल्यात घालते.
हिलरीनं एकदा खाल्लं, नाक पुसलं,
आणि डबा घरी घेऊन गेली.
अजून परत आलेला नाही.

आज ओढ्याच्या वरच्या फाटकाला तार गुंडाळलेली.
जुन्या कोठाराचं घर झालंय, काचाच काचा,
आणि त्यातून एक तरुण, स्वच्छ बुटांचा, थेट माझ्याकडे :
"आपल्याला काही मदत करू?"

या देशात हा प्रश्न मदतीचा नसतो.
चौतीस वर्षं हेरफर्डच्या इस्पितळात एक्स-रे काढले,
हाडं वाचता येतात, तसा सूरही.
दुकानात ऐकला, बागेत ऐकला,
एकदा तर माझ्याच दारात, किल्ली हातात असताना.

"हो," मी म्हटलं. "ही तार जरा धरा."

त्यानं धरली! का, कोण जाणे.
बहुधा आई शाळेत शिकवणारी असावी.
हिलरी खाली वाकली, गुडघा कुरकुरला,
कात्रीनं काटेरी वेल कचकच तोडत राहिली
आणि नकाशा तिनं उघडलासुद्धा नाही.
"पण इथून येतं तरी कोण?" तो म्हणाला,
आता खरोखरच विचारत.

फाटकापाशी चिखलात
गेल्या बुधवारचे ठसे होते, पाणी भरलेले.
एक लहान, टाचेशी डावीकडे झिजलेला,
अण्णाही तसेच चालायचे.
त्यातल्या इवल्या पाण्यात आभाळाचा तुकडा
आणि एक मेलेला डास.

मी काही बोलले नाही.
शेजारी नवा ठसा ठेवला आणि पलीकडे गेले.
मागून ग्लिन त्याला समजावत होता,
कोठाराच्या छपरात घुबड असेल तर हात लावू नकोस,
आणि तो विचारत होता,
घुबड कसं ओळखायचं.